सालीचं कापड कोण सोडणार?

कायुंगिरा, मासाका
१९ मार्च २०२४, संत योसेफचा सण

फादर सिल्व्हानो ओग्वाल यांस,

शुक्रवार, १५ मार्च, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. ही वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. तुमच्या बेथानी समुपदेशन केंद्राच्या प्रार्थनागृहात भिंतीवर घड्याळ आहे, आणि तुमची स्वयंपाकीण नोएरिना खिडकीतून तेच घड्याळ बघून घेवडा उतरवते. त्या वेळी तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला, पर्पेतुआला, वेदीसमोर सिमेंटच्या जमिनीवर आडवं केलंत, डोक्यापासून पायापर्यंत सालीच्या कापडात गुंडाळलंत, "लाजरस, बाहेर ये" म्हणालात, आणि स्वतःच बाहेर गेलात.

दोन वाजून दहा मिनिटांनी नोएरिना केरसुणी घेऊन आत आली तेव्हा माझी बहीण तशीच पडलेली होती. नोएरिनाने तिचं तोंड उघडं केलं आणि पाणी पाजलं. बाकीचं कापड पर्पेतुआने तिला सोडू दिलं नाही; तशीच गुंडाळलेली नोएरिनाने तिला धरून घरी आणली.

मी लिओकादिया नान्तेझा. छत्तीस वर्षं मिशनच्या इस्पितळात सुईण होते, आता निवृत्त आहे. माझी ओळख एवढ्यासाठी देते की माणसाचं शरीर म्हणजे काय हे मला कोणा प्रार्थनाशिबिरात शिकावं लागलेलं नाही. पर्पेतुआला तुमच्याकडे मीच पाठवलं होतं. तिच्या डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ आहे. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आमच्या इस्पितळात तीन महिन्यांतून एकदा येतो, आता ११ एप्रिलला यायचा आहे, आणि तिला सुरीची भीती वाटते. मला वाटलं, फादर शिकलेले आहेत, समोर बसवतील, दोन शब्द बोलतील, जरा धीर देतील. धीर द्यायला पाठवली, तुम्ही तिचं मढं करून पाठवलंत.

शनिवारपासून ती दारातल्या चटईवर बसून असते, अंगावर तेच कापड. कोणी विचारपूस केली तर उत्तर देत नाही. आमच्याकडे "रात्र कशी गेली" विचारल्यावर उत्तर न देणं म्हणजे काय, ते तुम्हाला कुणी सांगितलंय का? शेजारीण रविवारी गुडघ्यांवर बसून तीनदा विचारत होती. शेवटी मीच ओरडले, "अगं, तोंडात गूळ धरलायस का? उत्तर दे की!"

माझी बहीण म्हणाली, "मेलेल्या माणसाला रात्र कशी गेली, असं कुणी विचारतं का?"

मला दोन गोष्टींचा खुलासा हवा. हे तुम्ही कोणत्या अधिकाराने केलंत, आणि अर्धवट का सोडलंत.

लिओकादिया नान्तेझा

•

बेथानी समुपदेशन व प्रार्थना केंद्र
२५ मार्च २०२४

आदरणीय लिओकादियाबाई,

आपले पत्र नोएरिनाच्या हस्ते मिळाले. उत्तरास उशीर झाला. पवित्र आठवडा सुरू आहे, हे आपण जाणताच.

आपल्या पत्राच्या भाषेबद्दल मी काही लिहीत नाही. फक्त एक गैरसमज दूर करतो. आमच्या केंद्रात समुपदेशन म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून केवळ बोलणे, असे आम्ही मानत नाही. दुःख माणसाच्या अंगात राहते. ते खांद्यात असते, पोटात असते, घट्ट मिटलेल्या मुठीत असते, आणि तोंडाने कितीही शब्द काढले तरी ते तिथून हलत नाही. म्हणून आम्ही अंगालाही प्रार्थनेला बसवतो. कोणी जमिनीवर पालथे पडते, कोणी हात पसरून उभे राहते, कोणी रडते, आणि आम्ही रडू देतो. उपवासकाळात आम्ही, प्रभूने हाक मारून थडग्यातून उठवलेल्या, लाजरसाचा पाठ घेतो. व्यक्ती एकेकटी येते, घरून आणलेल्या कापडात काही वेळ शांत पडून राहते, जे मेले आहे ते मरू देते, आणि हाक ऐकल्यावर उठते. या वर्षी एकोणीस जणांनी हा पाठ केला. अठरा जण हलके होऊन घरी गेले.

आपण कॉन्व्हेंटमध्ये शिकलात असे ऐकतो. त्या पिढीला शरीर म्हणजे आत्म्याचे ओझे वाहणारे गाढव असे शिकवले गेले, त्यामुळे आपल्याला हे सारे विचित्र वाटणे मी समजू शकतो. परंतु आपली बहीण अठ्ठावन्न वर्षांची प्रौढ स्त्री आहे. ती स्वतःच्या पायांनी आली आणि स्वतःच्या इच्छेने पडली. तिच्या वतीने खुलासे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही. पाठ ठरलेल्या क्रमाने झाला. कापड कोणते होते हा मुद्दा गौण आहे.

आपणास पवित्र आठवड्याच्या शुभेच्छा.

फादर सिल्व्हानो ओग्वाल
संचालक

•

कायुंगिरा
२८ मार्च, पवित्र गुरुवार

फादर,

गाढवाबद्दल आधी लिहिते, म्हणजे तो विषय संपेल. होय, आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अंघोळसुद्धा अंगात झगा ठेवून करायला लावायच्या, आपलंच अंग आपल्याला दिसू नये म्हणून. मदर लुडोव्हिका दाराबाहेर उभी राहून पाण्याचे तांबे मोजायची. मग मी अठराव्या वर्षी प्रसूतिगृहात गेले आणि पहिल्याच आठवड्यात एका बाईच्या अंगातून पायाळू मूल हात घालून काढलं. त्या दिवशी झगा आणि मदर लुडोव्हिका दोन्ही माझ्या डोक्यातून गेले ते परत आले नाहीत. तेव्हा शरीराचं महत्त्व मला पटवून देऊ नका. तुम्ही ज्याला अंगाने केलेली प्रार्थना म्हणता ती मी तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून करते आहे, आणि मधेच उठून गेले नाही. मधेच उठून गेले असते तर बायका मेल्या असत्या.

आता कापड. तुम्ही नाईलपलीकडचे, म्हणून एकदा सांगते. सालीचं कापड, ओलुबुगो, अंजिराच्या जातीच्या झाडाची साल ठोकून ठोकून केलेलं, तांबूस. तुम्हाला ते छान वाटलं असेल. तुमच्या वाचनपीठावर तुम्ही त्याचाच तुकडा टाकलाय, नोएरिनाने सांगितलं. आमच्याकडे त्यात माणसाला पुरतात. प्रत्येक नातलग एकेक कापड आणतो आणि थरावर थर चढवतात. जिवंत माणसाला त्यात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून वर मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारणं, हे आमच्यातल्या कोणत्याही पाद्र्याने केलं नसतं, कोणत्याही भगताने केलं नसतं, दारू प्यायलेल्या मेहुण्यानेही केलं नसतं. तुम्ही केलंत, कारण तुम्ही विचारलं नाहीत. आणि कापड गौण आहे म्हणता!

पर्पेतुआचा हिशेब सरळ आहे. तिला गुंडाळलं, ते झालं. सोडवलं नाही, म्हणजे ती गुंडाळलेलीच आहे. तिने तिच्या कोंबड्या वाटून टाकल्या. सणावाराला घालायची तिची दोन चांगली गोमेसी जावेला दिली. मळ्यातल्या केळ्यांना टेकू लावायचं काम सोडलं. घास मात्र जातो, देवाची कृपा. मी वाफवलेलं केळं आणि शेंगदाण्याची आमटी समोर ठेवते, ती तिकडे बघत नाही. मी विहिरीवर जाऊन येते तेव्हा ताट रिकामं असतं. काल मी म्हटलं, "मढ्याला भूक बरी लागते गं."

म्हणाली, "ताट तू ठेवतेस. मी कुठं मागितलं?"

"मग ११ तारखेला इस्पितळातही मी ठेवते तुला. तू नुसती पडून राहा."

"ज्याला कापडात घातलं त्याला कापत नाहीत, ताई. तू नर्स आहेस, तुला माहीत हवं."

तीन वर्षांत एवढं लांब ती माझ्याशी प्रथमच बोलली, आणि बोलली ते हे.

गाठ थांबत नाही, फादर. आज ती लिंबाएवढी आहे. डॉक्टर पुन्हा जुलैत येणार. जुलैत ती केवढी असेल आणि कुठे कुठे पसरली असेल हे मी तुम्हाला सांगू शकते, पण पवित्र गुरुवार आहे, नको. मी तिला उचलून नेऊ शकत नाही, आणि तिची सही नसेल तर डॉक्टर सुरी धरत नाही. ती म्हणते, ज्यांनी घातलं त्यांनी सोडावं. ही आमची काही परंपरा नाही, ही तिची समजूत आहे. पण अडली आहे ती त्या समजुतीतच.

"ठरलेल्या क्रमाने झाला" असं तुम्ही सहीनिशी लिहिलंत. सोबत नोएरिनाचा कागद जोडते. तिच्यावर रागावू नका. ती माझ्या हातांवर जन्मलीय, ती मला खोटं सांगत नाही.

आज संध्याकाळी तुम्ही प्रभूसारखे बारा जणांचे पाय धुणार. मधे कोणी आलं तर त्यांचे पाय ओले टाकून जाऊ नका, एवढी विनंती.

लिओकादिया नान्तेझा

(सोबतचा कागद)

मी नोएरिना, बेथानीत स्वयंपाक करते. नर्सबाईंनी विचारलं म्हणून लिहिते, जे बघितलं तेच लिहिते. त्या दिवशी फादरांनी पर्पेतुआकाकूंना झाकलं आणि हाक मारली तेवढ्यात फाटकात दोन गाड्या आल्या. परदेशातले पाहुणे, ज्यांनी नवीन इमारत बांधून द्यायची आहे ते. ते तीनला यायचे होते, लवकर आले. फादर बाहेर गेले आणि त्यांना मधमाश्यांच्या पेट्या दाखवायला घेऊन गेले. मग जेवायला बसले. मला वाटलं काकू घरी गेल्या. पानं मी आधीच काढून ठेवली होती, त्यांचंही धरून. त्यांचं एक ताट उरलं तेव्हा मला कळायला पाहिजे होतं. मी आत गेले तर कापड वरखाली होत होतं म्हणून मला कळलं की जिवंत आहेत. काकू रडत नव्हत्या. मी म्हटलं, "काकू, उठा, घेवडा गार झाला." त्या म्हणाल्या, "फादर यायचेत." मी म्हटलं, "फादर मध चाखतायत." एवढंच.

•

बेथानी
२ एप्रिल २०२४

लिओकादियाबाई,

नोएरिनाने लिहिले ते खरे आहे. मी पाहुण्यांकडे गेलो आणि परत यायला विसरलो. पावणेतीनला आठवले, धावत गेलो, तेव्हा तिथे कोणी नव्हते. मला वाटले, उठून गेल्या. असे वाटून घेणे सोयीचे होते. मागील पत्रातले ते एक वाक्य मी मागे घेतो.

पण बाकीचे काही मी मागे घेणार नाही, आणि आता आपणही थोडे ऐकून घ्या.

पाठासाठी प्रत्येकाने घरून एक कापड आणावे असे आम्ही सांगतो. कोणी चादर आणली, कोणी चटई, एका शिक्षिकेने टेबलावरचे मेणकापड आणले. सालीचे कापड केंद्रातले नव्हते. ते आपल्या बहिणीने आणले. पिशवीतून काढले, नवे कोरे, घडीवर घडी, आणि घड्यांमध्ये कडुलिंबाची वाळलेली पाने होती, म्हणजे कोणीतरी ते फार दिवस जपून ठेवलेले. मी विचारले, "यात?" त्या म्हणाल्या, "यातच." मी त्याचा अर्थ समजलो नाही, हा माझा दोष, तो मी मान्य करतो. मी इथे सहा वर्षे आहे आणि मला विचारायला हवे होते. माझ्या आईला आम्ही पांढऱ्या चादरीत पुरले. मला साल म्हणजे साल वाटली.

परंतु आपल्याला त्याचा अर्थ माहीत होता. मग इतक्या दिवसांत आपण एकदा तरी विचार केला का, की ते कापड कोणासाठी घेतलेले होते? आपल्या दोन्ही पत्रांत आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा उल्लेख नाही. मातिया हे नाव एकदाही नाही. त्या माणसाला जाऊन तीन वर्षेही झाली नाहीत.

खोलीत आपली बहीण जे बोलली ते खोलीत राहील. मी लिहितो ते मला गावाने सांगितले, तिने नव्हे. जून २०२१ मध्ये, साथीत, मातियाला जिथे पुरले तिथे फाटकात कोण उभे होते, आणि कोणाची मनगटे कोणी धरली होती, हे कायुंगिरात शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे.

आपण मला विचारता, अर्धवट का सोडलेत. हा प्रश्न एकट्या माझ्यासाठी नाही.

सिल्व्हानो ओग्वाल

ता. क. बिशपांकडे तक्रार करायची असल्यास अवश्य करावी. त्यांचा पत्ता नोएरिनाकडे आहे.

•

कायुंगिरा
५ एप्रिल, शुक्रवार

फादर सिल्व्हानो,

तुमचं पत्र वाचून मी ते चुलीत टाकलं. मग चिमट्याने काढलं, कारण त्यात तुमची कबुली आहे आणि ती मला लागेल. एक कोपरा जळलाय.

गावाने तुम्हाला सांगितलं ते अर्धं सांगितलं. उरलेलं मी सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला शाळेतल्या मुलांकडे जावं लागणार नाही.

मातिया इस्पितळात गेला तो मंगळवारी, गुरुवारी त्याला आणलं. पांढरे पोशाख घातलेली चार माणसं, मागे फवारणीचा पंप. तो प्लास्टिकच्या पिशवीत होता, चेन लावलेली. गावाच्या साथसमितीत मी होते. निवृत्त झाले तरी नर्स म्हणून मला घेतलं होतं. कोणी जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, कापड घालायचं नाही, हा हुकूम होता, आणि मी तो वाचून दाखवला. पर्पेतुआ हे कापड घेऊन आली. म्हणाली, "ताई, मी त्याला हात लावणार नाही. पिशवीवरून टाकते. वरून. लांबून टाकते." मी नाही म्हटलं. ती पुढे आली. मी तिची दोन्ही मनगटं धरली आणि माती पडेपर्यंत सोडली नाहीत.

हुकूम बरोबर होता. त्या महिन्यात या टेकडीवर अकरा माणसं गेली, त्यातली चार तरी दफनाला जाऊन आलेली होती. तोच दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा फाटकात उभी राहीन. याबद्दल मी तुमच्याकडे, बिशपांकडे किंवा देवाकडे माफी मागणार नाही.

पण तुम्हाला जे माहीत नाही ते असं. तिची मनगटं सोडल्यावर मी फाटकाजवळच्या पिंपावर गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. तिच्यासमोर. दोनदा धुतले. तिने मला हात धुताना पाहिलं. आणि मग साथ संपली, चर्च उघडलं, शाळा उघडल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मी माझ्या बहिणीला पुन्हा हात लावला नाही. का, ते मला माहीत नाही. ती गाठही तिने मला दाखवली नाही. छत्तीस वर्षं परक्या बायकांची अंगं चाचपून पाहिली, आणि सख्ख्या बहिणीच्या अंगातली गाठ मला दुसऱ्या नर्सकडून कळली.

काल सकाळी, उन्हं तिच्या चटईपर्यंत आली तेव्हा, मी जाऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहिते: धाकटीने थोरलीसमोर गुडघे टेकायचे असतात. थोरलीने धाकटीसमोर टेकले, हे या गावात कोणी पाहिलेलं नाही. शेजारीण कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, तिच्या हातातला सदरा तिथेच पडला. माझे गुडघे, मदर लुडोव्हिका शिक्षेला बसवायची त्या खडीने, केव्हाच खाल्लेत. बसले ते बसले, उठता येईल याची खात्री नव्हती.

मी म्हटलं, "पर्पेतुआ, रात्र कशी गेली?"

तिने कापड हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

मी म्हटलं, "मी हात धुतले ते चुकलं. धरलं ते नाही, धुतले ते. तू बघत होतीस."

एक कोंबडी, तिनेच वाटून टाकलेल्यांपैकी, परत आली होती, ती आमच्या मधून गेली. मग माझी बहीण म्हणाली, "ताई, ऊठ. गुडघे जातील तुझे."

"तू उठवलंस तर उठेन. माझं मला जमणार नाही."

तिने कापडातून हात बाहेर काढले. फक्त हात. माझ्या काखेत घातले आणि मला उभं केलं. मी तिचे हात सोडले नाहीत, आणि तिला खाली बसवत म्हटलं, "बघू." तिने बघू दिलं. कापड तसंच ठेवून, त्याच्या आतून. मी बोटांनी पाहिलं. लिंबाएवढी नाही, फादर, त्याहून मोठी आहे. अजून हलते, खाली घट्ट धरलेली नाही, काखेत काही लागलं नाही. म्हणजे ११ तारखेला अजून अर्थ आहे. जुलैत बहुधा नसेल.

मी विचारलं, "येतेस ना मग?"

म्हणाली, "मातियाला घालता आलं नाही म्हणून मी माझ्या अंगावर घालून घेतलं. म्हटलं, फादर सोडवतील तेव्हा त्याचंही सुटेल."

"मी सोडू?"

"तू तुझं केलंस, ताई. त्यांचं त्यांनी करावं."

मी तिच्याशी वाद घातला. नोएरिना आली, तिनेही घातला, "अहो काकू, फादरांना आणायला मी काय दोरी बांधून जाऊ?" ती हसली. तीन आठवड्यांनी ती हसली आणि मग पुन्हा म्हणाली, त्यांचं त्यांनी करावं.

आता मी पवित्र शास्त्र काढून वाचलं. तुम्ही रोज वाचता, मी तुम्हाला काय सांगणार. पण प्रभूने लाजरसाला नुसती हाक मारली नाही. तो बाहेर आला तेव्हा हातपाय बांधलेलेच होते, तोंडावर रुमाल होता. त्यानंतर प्रभूने जवळ उभ्या असलेल्या लोकांना सांगितलं की त्याला मोकळं करा आणि जाऊ द्या. हाक तुम्ही मारलीत. मोकळं करा, हे म्हणायचं राहिलं. तुमच्या अठरा जणांना ते ऐकायला मिळालं, माझ्या बहिणीला मिळालं नाही.

तेव्हा तुम्ही यायचं. बेथानीत नाही, इथे, कायुंगिरात, तिच्या चटईपाशी. तुमच्या हातांनी ते कापड सोडायचं आणि राहिलेलं वाक्य मोठ्याने म्हणायचं. मग आपण तिघं ते कापड मातियाच्या थडग्यावर नेऊन घालू. तिथपर्यंत चढ आहे, मला आधार लागेल, तो तुम्ही द्याल. शेजारची माणसं बघतील, बघू देत. १० तारखेच्या रात्री पर्पेतुआ उपाशी राहील, डॉक्टरांची तशी सूचना आहे, आणि ११ला सकाळी सातला इस्पितळात. तुम्हाला क्षमा केली की नाही हे मी सांगत नाही, कारण मी केलेली नाही. बिशपांचं पत्र लिहून तयार आहे. ते टाकायचं की नाही हे तुमच्या उत्तरावर ठरेल.

मी पर्पेतुआला विचारलं, "निरोप पाठवू? नोएरिना तोंडी सांगेल." ती म्हणाली, "तोंडी नको."

मी म्हटलं, का?

तेव्हा तिने ते सांगितलं, जे नोएरिनालाही माहीत नव्हतं. तुम्ही दारातून वळून तिला काय म्हणालात ते. कापडाच्या आतून तिने ऐकलं: "हलू नका हं, पाच मिनिटांत येतो."

ती हललेली नाही, फादर. आज एकवीस दिवस झाले.

म्हणून कोणत्या दिवशी आणि किती वाजता येता, ते कागदावर लिहून, सही करून, नोएरिनाच्या हाती पाठवा. कागद मंगळवार, ९ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजायच्या आत हवा. आत म्हणजे आत.

लिओकादिया नान्तेझा